लेकीचं मेडिकल कार्ड ते ज्युनिअर नॅशनल्स: लीड्समधल्या एका आईचा अनुभव

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं, की मुलीला बॉक्सिंगला घातलंस ते ठीक, पण त्या मॅचेस वगैरे कशा असतात, परवानगी कोण देतं, डोक्याला लागलं तर काय, खर्च किती येतो. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मी स्वतः कधी ग्लोव्हज घातलेले नाहीत, त्यामुळे हे सगळं रिंगच्या बाहेर खुर्चीत बसणाऱ्या आईच्या बाजूने आहे. आम्ही लीड्सला राहतो म्हणजे यॉर्कशायर रीजन, तुमच्याकडे तारखा आणि पद्धती थोड्या इकडेतिकडे असतील पण नियम सगळीकडे इंग्लंड बॉक्सिंगचेच, म्हणजे इथल्या ॲमॅच्युअर बॉक्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेचे.

सुरुवात 2022 च्या ऑगस्टमध्ये झाली. बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थ गेम्स होते आणि नवऱ्याने बॉक्सिंगच्या शेवटच्या दिवसाची, 7 ऑगस्टची तिकिटं काढली होती. एनईसी नावाच्या मोठ्या प्रदर्शन केंद्रात. आम्हाला निखत झरीनची फायनल बघायला मिळाली, तिने नॉर्दर्न आयर्लंडच्या कार्ली मॅकनॉलला हरवलं, आणि त्याच दिवशी नीतू घंघास आणि अमित पंघाल दोघांनी इंग्लंडच्या खेळाडूंना हरवून गोल्ड घेतलं. आम्ही सगळे ओरडून घसा बसवून घेतला आणि लेक मात्र पूर्ण वेळ गप्प, तेव्हा ती बारा वर्षांची होती. परत येताना एम-वन मोटरवेवर तिने एकच गोष्ट परत परत सांगितली, निखतचे पाय कसे सतत हलत होते आणि समोरची पुढे आली की ही तिथे नसायचीच. मला हातच दिसले होते, हिने पाय बघितले होते. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तिने विचारलं, मम्मी मी जाऊ का बॉक्सिंगला.

क्लब शोधताना एक गोष्ट आधी तपासा: तो इंग्लंड बॉक्सिंगशी ॲफिलिएटेड आहे का. कारण बॉक्सिंग फिटनेसच्या नावाने चालणाऱ्या जिम भरपूर आहेत, नोकरदार हौशी मंडळींच्या व्हाइट कॉलर बॉक्सिंगचे कार्यक्रमही होतात, पण त्यातून मुलांना ॲमॅच्युअर बाउट, म्हणजे अधिकृत सामना, मिळत नाही आणि इंग्लंड बॉक्सिंगचे सुरक्षेचे नियमही तिथे लागू नसतात. ॲफिलिएटेड क्लबमध्ये वेलफेअर ऑफिसर, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी व्यक्ती, असावा लागतो, कोचेसची डीबीएस म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी झालेली असते. पहिल्याच दिवशी वेलफेअर ऑफिसर कोण म्हणून विचारा, त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. आमचा क्लब म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला, एक रिंग, आठ-दहा बॅग्ज, भिंतीवर पिवळी पडलेली शोची, म्हणजे क्लब भरवतात त्या बाउट्सच्या कार्यक्रमांची, पोस्टर्स. एका सेशनला 4 पाउंड. कोच दिवसभर आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी येतात आणि त्यांना या कामाचा एक पैसा मिळत नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं आणि तेव्हापासून त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढला.

घरच्यांचं म्हणाल तर कोल्हापूरला फोन केल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, अगं नाक मोडलं तर काय करायचं. मग अप्पांनी फोन घेतला. ते तरुणपणी तालमीत जायचे. त्यांनी क्लबबद्दल सगळं विचारून घेतलं, वस्ताद कसा आहे, मोठी पोरं लहानांना सांभाळून घेतात का, उशिरा आलं की बाहेर उभं करतात का, आणि मी जे सांगितलं ते सगळं त्यांना ओळखीचंच वाटलं, तालमीसारखंच आहे की म्हणाले. "पोरगी खेळती म्हणती तर खेळू दे की." त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही.

पहिलं वर्षभर तिला कुणी मारलं नाही आणि तिनेही कुणाला मारलं नाही. दोरीच्या उड्या, उभं राहायचं कसं, जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, परत जॅब, आरशासमोर शॅडो म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव. मुलं कंटाळून सोडतात ती याच काळात, आणि पालकांना वाटतं की कोच लक्षच देत नाहीयेत. थांबा. दुसऱ्या वर्षी हळूहळू टेक्निकल स्पारिंग सुरू झालं, म्हणजे ठरवून, हलक्या हाताने, मोठ्या ग्लोव्हजने. मग एक दिवस हेड कोच मला बाजूला घेऊन म्हणाले, तिची तयारी झाली आहे, तुमची हरकत नसेल तर कार्ड काढूया. ही गोष्ट 2024 च्या जानेवारीतली.

कार्ड म्हणजे काय ते नीट सांगते कारण सगळा कारभार त्याच्याभोवती फिरतो. इंग्लंडमध्ये बाउट खेळायला बॉक्सरची क्लबमार्फत रजिस्ट्रेशन आणि डॉक्टरची पूर्ण तपासणी लागते, आणि त्यावरून मेडिकल रेकॉर्डचं कार्ड मिळतं. नाव बीसीआर-वन, जुने कोच अजूनही त्याला एमई-थ्री म्हणतात, त्यामुळे दोन वेगळी कागदपत्रं आहेत असं समजून गोंधळू नका. प्रत्येक बाउटची नोंद त्यात होते: तारीख, समोरचा बॉक्सर, निकाल, डॉक्टरची सही. कार्ड नाही तर बाउट नाही, साधा हिशोब आहे, कितीही लांबून आलेले असलात तरी.

मेडिकलसाठी मी आधी आमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला. रिसेप्शनवर सांगितलं की हे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, कामात येत नाही, आणि प्रायव्हेट म्हणूनही आम्ही करत नाही. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका, सरळ क्लबला विचारा. आमच्या भागातले दोन-तीन क्लब मिळून एक डॉक्टर बोलावतात आणि एका संध्याकाळी सगळ्या मुलांचं मेडिकल उरकतात. आम्हाला तीन आठवडे थांबावं लागलं आणि 40 पाउंड लागले. जाताना पासपोर्ट साइज फोटो, फोटो आयडी आणि आधीच्या आजारपणांची माहिती न्या. फॉर्ममध्ये फिट्स, दमा, ऑपरेशन, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास होता का, असं सगळं विचारतात, आणि आपल्याकडची माणसं गावाकडच्या नातेवाइकांबद्दल "काही नाही" लिहून मोकळी होतात, तसं करू नका. मी आईला आणि सासूबाईंना दोघींना फोन करून नीट विचारून घेतलं.

डॉक्टर वयस्कर होते, शांत. ब्लड प्रेशर, हृदय, कान, डोळ्यांचा तक्ता, दोन्ही हातांची बोटं एकेक करून दाबून बघितली, एका पायावर उभं केलं. चष्मा किंवा लेन्स असेल तर हे सगळं सुरू व्हायच्या आधीच क्लबशी बोला, कारण नजरेचे नियम कडक आहेत. मग त्यांनी लेकीला विचारलं, शाळेत नेटबॉल किंवा हॉकी खेळताना कधी डोकं आपटून चक्कर आली होती का. बॉक्सिंगबाहेर झालेलं कन्कशनही, म्हणजे मेंदूला बसलेला धक्काही, मोजायचं असतं हे मला तेव्हा कळलं. मी धीर करून त्यांना थेट विचारलं की मेंदूला धोका किती. ते म्हणाले, शून्य नाही, आणि कुणी शून्य आहे म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मग लेकीकडे वळून म्हणाले, डोकं दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही, आणि लपवलंस तर तू शूर ठरत नाहीस. घरी हे वाक्य आम्ही फ्रिजवर लावलं आहे. नियम असा आहे की डोक्याला मार बसून बाउट थांबवली गेली तर साधारण महिनाभर तरी सक्तीने बाहेर बसावं लागतं, स्पारिंगसुद्धा बंद, आणि हे कार्डवर लिहिलं जातं म्हणून दुसऱ्या शोला जाऊन गुपचूप खेळता येत नाही. हे कळल्यावर मला पहिल्यांदा जरा शांत झोप लागली. मेडिकल दर वर्षी परत करायचं असतं.

कार्ड हातात यायला मार्च उजाडला. आणि मग सुरू झालं वाट बघणं. मुलांना बाउट मिळते, मुलींना मिळत नाही, हा यातला सगळ्यात मोठा त्रास. वय, वजन आणि अनुभव, तिन्ही जुळलं पाहिजे असा नियम आहे, आणि तो चांगलाच आहे, पण चौदा वर्षांची, पन्नास किलोच्या आसपास वजनाची, एकही बाउट न खेळलेली मुलगी आजूबाजूच्या चार काउंटीत शोधायची म्हणजे क्लबच्या मॅचमेकरला, म्हणजे बाउट जुळवणाऱ्याला, रोज रात्री फोन घेऊन बसावं लागतं. एकदा ठरली, दोन दिवस आधी समोरच्या मुलीला ताप आला. परत ठरली, तर सकाळी निरोप आला की तिचं वजन जुळत नाहीये. लेक खोलीत जाऊन दार लावून बसली. मला समजेना काय बोलावं. शेवटी कोचनेच तिला निकोला ॲडम्सची गोष्ट सांगितली. निकोला आमच्याच लीड्सची, तेरा वर्षांची असताना पहिली बाउट खेळली आणि जिंकली, आणि दुसरी बाउट मिळायला तिला चार वर्षं लागली. चार वर्षं! मग 2012 ला लंडनमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा सेमीफायनलला आपल्या मेरी कोमला हरवून, पुढे फायनल जिंकून ती पहिली महिला चॅम्पियन झाली. शहरात तिच्या नावाने सोनेरी रंगाची पोस्टाची पेटी आहे, त्या रविवारी आम्ही मुद्दाम ती बघायला गेलो.

या निमित्ताने मी जरा वाचलं तर कळलं की ॲमॅच्युअर बॉक्सिंग असोसिएशन, म्हणजे एबीए, 1880 ची आणि त्यांची चॅम्पियनशिप 1881 पासूनची, आणि बायकांवरची बंदी उठली थेट 1996 ला. शंभर वर्षांहून जास्त. 2013 मध्ये संस्थेचं नाव इंग्लंड बॉक्सिंग झालं तरी म्हातारी मंडळी त्या चॅम्पियनशिपला अजून "द एबीएज" असंच म्हणतात, पुढे हेवीवेट वर्ल्ड चॅम्पियन झालेले फ्रँक ब्रुनो, अँथनी जोशुआ हे सगळे ती जिंकूनच पुढे गेले. आमच्या क्लबमध्ये सत्तरी ओलांडलेले एक कोच आहेत, ते म्हणतात त्यांच्या तरुणपणी मुलगी क्लबच्या दारातसुद्धा दिसायची नाही. आता तेच माझ्या लेकीचे हात बांधून देतात.

पहिली बाउट शेवटी मे महिन्यात झाली, बार्न्सलीजवळच्या एका वर्किंग मेन्स क्लबमध्ये, म्हणजे कामगारांच्या सोशल क्लबमध्ये. पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी स्किल्स बाउट असते, त्यात जिंकलं-हरलं काही जाहीर करत नाहीत, दोघींना ट्रॉफी. अशी बाउट कुणी दिली तर जरूर घ्या, मुलांच्या डोक्यावरचं ओझं निम्मं होतं आणि आपल्याही.

त्या दिवशीचं सगळं नाही सांगत पण एक सांगायलाच हवं. वजन करायच्या टेबलावर मला एक कागद दिला सही करायला. मुलगी गरोदर नाही असं जाहीर करणारा. अठराच्या खाली असेल तर पालकांची सही लागते. मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. चौदा वर्षांची पोर शेजारी उभी, तिचे कान लाल झालेले, मागे रांग. टेबलावरच्या बाईंनी माझा चेहरा बघितला आणि हळू आवाजात म्हणाल्या, सगळ्यांना भरावं लागतं, माझ्या मुलीसाठी मीही भरते. मी सही केली. नंतर गाडीत आम्ही दोघी यावर मोकळेपणाने बोललो, पोटावर मार बसणारा खेळ आहे तर हा प्रश्न विचारणं बरोबरच आहे हे तिलाही पटलं. तुम्ही आधीच घरी सांगून ठेवा म्हणजे तिथे अवघडायला होणार नाही.

मग डॉक्टर: टॉर्च, डोळे, हात दाबून बघणं. गमशील्ड, म्हणजे दातांवर बसवायचं कवच, लाल रंगाचा चालत नाही, रक्त आलं तर दिसणार नाही म्हणून, त्यामुळे मुलीला आवडला तरी लाल घेऊ नका. आम्ही डेंटिस्टकडून करून घेतला, 60 पाउंड, महाग आहे पण दुकानातला उकळून बसवायचा गमशील्ड तिच्या तोंडात राहायचाच नाही. केस घट्ट बांधून हेडगार्डखाली जायला हवेत आणि धातूच्या पिना चालत नाहीत, मी तिच्या दोन वेण्या घालून वर कापडी पट्टी बांधते. चेस्ट गार्ड 30 पाउंड, बूट 50, सरावाचे ग्लोव्हज 45. बाउटचे ग्लोव्हज यजमान क्लब देतो. पालकांना चेंजिंग रूममध्ये किंवा कॉर्नरला जाता येत नाही, तिकीट काढून बाकीच्यांसारखं खुर्चीत बसायचं.

तीन राउंड, दीड-दीड मिनिटांचे. मला ते कसे दिसले ते नीट सांगता येणार नाही कारण मी बराच वेळ तिच्या बुटांच्या नाड्यांकडेच बघत होते. पहिल्या राउंडला तिच्या नाकावर एक जॅब बसला आणि तिने डोळे मिचकावले आणि परत हात वर घेतले, तेवढं मात्र लख्ख आठवतंय. संपल्यावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मग आमची पलीकडच्या कॉर्नरला जाऊन त्यांच्या कोचेसना हात मिळवून आली, ती इकडे. हा रिवाज आहे, प्रत्येक बाउटनंतर. मला या खेळात आवडलेली ही पहिली गोष्ट.

नंतरचे महिने भराभर गेले. एक हरली, दोन जिंकली, एक परत हरली. एका बाउटला जोरात मार बसला म्हणून रेफरीने खेळ थांबवून तिला उभ्या-उभ्या आठपर्यंत मोजलं, त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला रात्री दोनदा उठून बघितलं, काही झालं नव्हतं. प्रत्येक शोला तिकीट साधारण 20 पाउंड, वर पेट्रोल. एक सल्ला देते, आजी-काका-मैत्रिणी सगळ्यांना बोलवायचं तर मुलीचं वजन होऊन मॅच पक्की झाल्यावरच तिकिटं घ्या, बाउट रद्द झाली तरी पैसे सहसा परत मिळत नाहीत.

2025 सुरू झालं आणि ती वयाने ज्युनिअरमध्ये आली. इथे वयोगट जन्मसालावर धरतात, शाळेच्या इयत्तेवर धरत नाहीत, आपल्या मुलांचे वाढदिवस ऑगस्टमधले असले की पालकांचा हिशोब हमखास चुकतो तेव्हा कोचकडून खात्री करून घ्या. कोच म्हणाले नॅशनल ज्युनिअर्सला, म्हणजे ज्युनिअर गटाच्या राष्ट्रीय चॅम्पियनशिपला, नाव देऊया. एन्ट्री क्लबच भरतो, आपण स्वतः भरू शकत नाही. आमच्याकडून पासपोर्टची कॉपी, कार्ड, चालू तारखेचं मेडिकल (फेब्रुवारीत परत केलं, परत 40 पाउंड) आणि पालकांची संमती घेतली. वजनगट 54 किलो.

वजनाबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. क्लबच्या शोला थोडं इकडेतिकडे चालून जातं, चॅम्पियनशिपला 54 म्हणजे 54, एक टिपूसही वर नाही. आम्ही काही पालक बघितले जे मुलींना आदल्या दिवशी पाणी पिऊ देत नव्हते, स्वेटसूट घालून पळवत होते. आमच्या कोचनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ती जेवूनखाऊन 54 च्या आत बसत असेल तरच हा गट, नाहीतर सरळ वरचा, वाढत्या अंगाच्या पोरीला उपाशी ठेवून मी रिंगमध्ये पाठवणार नाही. ती 53 च्या आसपास असायची. घरचंच जेवण: भाकरी, डाळ, अंडी, चिकन, ताक. फक्त शुक्रवारचं फिश अँड चिप्स बंद केलं महिनाभर. घरी चांगला डिजिटल काटा घ्या आणि रोज उठल्यावर एकाच वेळी वजन करा, पण त्यावरून घरात चर्चा करू नका, या वयात मुली ते फार मनाला लावून घेतात.

रीजनल राउंडला आम्ही पहाटे उठून गेलो, वजन झालं, डॉक्टर झाले, आणि कळलं की तिच्या गटात यॉर्कशायरमधून दुसरी मुलगीच नाही. ती बाउट न खेळताच रीजनची चॅम्पियन म्हणून पुढे. मुलींमध्ये असं सर्रास होतं. तिला मात्र ते अजिबात आवडलं नाही, न खेळता मिळालेलं कशाला सांगायचं म्हणून तिने शाळेतही कुणाला सांगितलं नाही, आणि मला तिचं ते वागणं फार आवडलं.

पुढचे राउंड वीकेंडला, वेगवेगळ्या गावांत. ठिकाण आणि वेळ फार आधी कळत नाही म्हणून हॉटेल घेताना रद्द करता येणारंच घ्या. वजन सकाळी असतं आणि बाउट दुपारी किंवा संध्याकाळी, मधले चार-पाच तास हा खरा परीक्षेचा काळ. आम्ही वजन झाल्याझाल्या गाडीत बसून डब्यातले पोहे खायचो, मग केळं, मग ती मागच्या सीटवर पाय वर करून झोपायची. मला झोप येणं शक्यच नव्हतं. हॉलमध्ये बसलं की बाउटचा क्रम सारखा बदलतो, कुणाचं मेडिकल अडकलं, कुणाचा वॉकओव्हर, त्यामुळे चहा आणायला जातानाही एकाला तिथे बसवून जा.

क्वार्टर फायनल ती जिंकली. दुसऱ्या राउंडपासून तिने अंतर पकडलं, समोरची पुढे यायची आणि ही बाजूला निघून जायची, आणि मला एकदम एनईसीमधली निखतची फायनल डोळ्यांसमोर आली, तेव्हा ती काय बघत होती ते मला त्या दिवशी कळलं.

सेमीफायनलला लंडनकडची मुलगी होती, उंच, लांब हात, बाउट्सही हिच्यापेक्षा जास्त. आमची रेड कॉर्नरला. पहिला राउंड हातचा गेला. दुसरा बहुतेक हिचा. तिसऱ्यात दोघी दमलेल्या, शेवटच्या वीस सेकंदात कोण काय करतंय ते मला कळत नव्हतं, नवरा उभा राहून काहीतरी मराठीतून ओरडत होता. पाच जज असतात, प्रत्येक राउंडला चांगली खेळणाऱ्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ किंवा कमी. मग रेफरी मधे उभे राहून दोघींचे मनगट धरतात आणि माइकवर निकाल येतो. स्प्लिट डिसिजन, तीन विरुद्ध दोन, ब्लू कॉर्नर, म्हणजे समोरची जिंकली.

तिने मान खाली घातली, एक श्वास घेतला, आणि गेली ती पलीकडच्या कोचेसना हात मिळवायला. त्यांनी तिचं हेडगार्ड दोन्ही हातांत धरून काहीतरी बराच वेळ सांगितलं. नंतर विचारलं तर म्हणाली, ते म्हणाले तुझा उजवा हात फार खाली येतो जॅबनंतर, पुढच्या वर्षी तो वर ठेवलास तर आम्हाला अवघड जाईल. हरवणाऱ्या मुलीचे कोच हे सांगतात! डॉक्टरने परत टॉर्च मारून डोळे बघितले, कार्डवर सही झाली. तिच्या डोळ्याखाली थोडी सूज होती, बर्फ दिला. त्या मुलीची आई येऊन माझ्या शेजारी बसली आणि आम्ही दोघी काहीही न बोलता एकमेकींचा हात धरून बसलो, मग तिनेच विचारलं की झोप लागते का तुला आदल्या रात्री, मी म्हटलं नाही, ती म्हणाली मलाही तीन वर्षांत लागलेली नाही.

येताना मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून लेकीने मागितले तसे चिप्स घेतले आणि तिथे ती रडली. अर्धा तास. आम्ही रडू दिलं. ज्या पालकांना हे पुढे करायचंय त्यांना सांगते, गाडीत लगेच बाउटचं विश्लेषण सुरू करू नका, ते काम कोचचं आहे आणि कोच ते मंगळवारी क्लबमध्ये करतात.

शाळेचं म्हणाल तर स्पर्धेचं पत्र क्लबकडून घेऊन आधीच ऑफिसला द्या, शुक्रवारी लवकर निघायला परवानगी मिळाली आम्हाला. खर्चाचा हिशोब साधारण असा, पूर्ण सीझनचं मेडिकल, रजिस्ट्रेशन, सामान, तिकिटं, पेट्रोल आणि हॉटेल धरून हजार पाउंडांच्या थोडं आत, त्यातला मोठा भाग प्रवासाचा. क्लबने क्वार्टर फायनलचं पेट्रोल दिलं, ते आमच्या क्लबच्या स्वतःच्या शोला होणाऱ्या रॅफलमधून, म्हणजे तिकिटं विकून काढलेल्या सोडतीतून, आलेलं, म्हणून आता त्या रॅफलच्या टेबलावर मीच बसते. त्यासाठी वेगळी पात्रता लागत नाही, हात रिकामे असले की झालं, आणि इतर पालकांशी ओळख होते ती तिथेच.

आणखी एक प्रश्न सगळ्याच विचारतात, पुढे काय, ऑलिम्पिक का. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग असणार हे मार्च 2025 मध्ये पक्कं झालं, पण आमच्या घरात तो विषय नाही. जन्मसालाप्रमाणे तिला अजून एक वर्ष ज्युनिअरमध्ये मिळतंय. उंची वाढतेय त्यामुळे पुढच्या वेळी 54 की 57 हे सप्टेंबरात बघू असं कोच म्हणालेत. सध्या ती आठवड्यातून तीनदा जाते आणि उजवा हात वर ठेवायचा सराव करते, आणि मेडिकलची पुढची तारीख फेब्रुवारीत आहे, ती मी आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवली आहे कारण कार्डची मुदत संपली आणि बाउट ठरली असं झालेल्या एका मुलीच्या आईला मी क्लबच्या जिन्यात फोनवर डॉक्टर शोधताना बघितलंय.